वीस तारांचा कान

हंसिकाचा कान बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद पडला.

वेळ इतकी नेमकी ठाऊक होती, कारण रजिता तेव्हा तिच्या वेणीला रिबीन बांधता बांधता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत होती, "चल गं, गाडी यायला पाचच मिनिटं..." वाक्य अर्ध्यावर असतानाच चार वर्षांच्या पोरीने मान वळवली. डाव्या कानामागे चिकटलेलं चकतीएवढं यंत्र तिने बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अम्मा, करंट गेला."

पंखा फिरत होता. बाहेरच्या खोलीत हातमागाची खटखट चालू होती. करंट कुठेच गेला नव्हता.

सोलापूरच्या पूर्व भागातलं ते घर. घरात तेलुगू आणि मराठीची खिचडी, आणि दिवसभर मागाचा आवाज. रजिताचे सासरे नरसय्या येमुल भिंतीवर लावायची चित्रं विणत. शहरात सगळीकडे संगणकी माग आले, तरी त्यांनी आपला भोकाच्या कार्डांचा माग सोडला नव्हता. रजिता लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत त्यांच्या हाताखाली कार्डं टोचायला शिकली. चौकटीच्या कागदावर डिझाइन मांडायचं, त्यावरून कार्डात भोकं पाडायची. सासरे कधी तोंडावर कौतुक करत नसत, पण शेजारच्या विणकरांना सांगत, "आमच्या सुनेचं एक भोक चुकत नाही." नवरा आनंद तिरुपूरच्या गिरणीत. महिन्यातून एकदा घरी.

हंसिका जन्मतः बहिरी होती. दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी तिच्या कानाच्या आतल्या शंखात, हो, कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखीच एक वळत गेलेली पोकळी असते, तिच्यात एक बारीक लड सरकवली. लडीवर वीस बिंदू. घरात सगळे त्यांना तारा म्हणत. त्या शंखाच्या तोंडाशी चिरके, उंच आवाज ऐकू येतात आणि आत आत जावं तसे घोगरे, खर्जातले. कानामागचं यंत्र बाहेरचा आवाज पकडतं, त्याची वीस पट्ट्यांत वाटणी करतं, आणि प्रत्येक पट्टीसाठी एकेका तारेतून सूक्ष्म झटका जातो. मेंदू त्या झटक्यांनाच आवाज म्हणायला शिकतो. आता कोणत्या तारेला किती झटका द्यायचा, याचं उत्तर प्रत्येक बाळाचं वेगळं. त्या उत्तरांच्या तक्त्याला मॅप म्हणतात. तो सांभाळणारं अ‍ॅप फोनवर असतं. कानामागचं यंत्र दर चाळीस दिवसांनी त्या अ‍ॅपकडे हजेरी मागतं, आणि हजेरी मिळाली नाही तर खबरदारी म्हणून गप्प बसतं.

हजेरी देणारा फोन महिन्याभरापूर्वी बॅटरी फुगून मेला होता. 'दुसऱ्या फोनवर टाकू, त्यात काय एवढं,' असं तेव्हा रजिताला वाटलं होतं.

पण ते अ‍ॅप दुसऱ्या फोनवर उघडतच नव्हतं.

*

"कंपनी गेल्या वर्षी बंद झाली, हे तुला माहीत आहे," वाचा-श्रवण केंद्राच्या निवेदिता हिप्परगी मॅडम म्हणाल्या. हंसिकाला पहिला शब्द बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. "जाताना एक बरं केलं त्यांनी. अ‍ॅपचं कुलूप काढून दिलं. कुणीही वापरा, दुरुस्त करा. पण ज्या जातीच्या फोनसाठी ते लिहिलं होतं, त्या जातीचे फोनच आता बनत नाहीत. तुझा कोणता?"

रजिताने आपला फोन पुढे केला. गेल्या काही वर्षांत नवा कायदा आला होता: कंपनीने फोनकडे पाठ फिरवली की तो फोन खुला करून द्यायचा. तेव्हापासून जुन्या फोनांना नवा जन्म मिळाला होता. लोक त्यांच्यावर लिनक्स ही सगळ्यांना फुकट खुली असलेली प्रणाली चढवत, आणि भंगारात जाणारे फोन आणखी दहा वर्षं चालत; रजिताचा त्यांतलाच. पण लिनक्स म्हणजे काही एकच नव्हे. त्याचे चाळीसेक अवतार, डिस्ट्रो म्हणायचे त्यांना. प्रत्येक डिस्ट्रो वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या आवडीने सजवलेला. एकावरचं अ‍ॅप दुसऱ्यावर चालेलच असं नाही, आणि बाहेरच्या कंपनीचं तर नाहीच.

"मग आता?"

"मग ऑपरेशन. ही लड काढायची, दुसऱ्या कंपनीची घालायची. पुन्हा पहिल्यापासून ऐकायला शिकायचं." मॅडमनी चष्मा काढला. "शब्द आत्ता कुठे रुजलेत तिचे. कानावर काही पडलं नाही, तर दीड-दोन महिन्यांत ते पुसट व्हायला लागतील. खोटा धीर देत नाही मी तुला."

हंसिका खाली बसून ठोकळ्यांचा मनोरा रचत होती, आणि तो पाडताना आवाज झाला नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाडत होती.

"गडचांदूरला एक बाई आहेत," मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या. "वसुधाताई ढवस. पॉलिटेक्निकला शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. अडलेली अ‍ॅपं चालवून देतात म्हणे. बोलून बघ."

*

पडद्यावर आधी एक मांजर दिसलं, मग मांजराला बाजूला ढकलणारा हात, आणि मग पांढऱ्या केसांच्या वसुधाताई.

"काहून रडून राहिली वो? आधी चहा घे. मी थांबतो नं."

रजिताला रडता रडता हसू आलं. तिने सगळं सांगितलं.

"हे पाह्य," वसुधाताई म्हणाल्या, "तू सून होऊन सासरी आली, तवा सैपाक तर येत होता नं तुले?"

"येत होता."

"अन् तरी पहिल्या दिवशी भाजी अळणी झाली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"साऱ्यांचीच होते. माहेरी मीठ चुलीजवळ, सासरी वरच्या फळीवर. अ‍ॅपचं तसंच हाय. त्याले काम येते. पण ते ज्या घरात वाढलं, तिथं घड्याळ कुठं, ब्लूटूथ कुठं, परवानगी कोणाले मागाची, हे सारं त्याच्या अंगवळणी पडलेलं. तुझ्या फोनचं घर येगळं, माझ्या फोनचं आणखी येगळं. लिनक्स साऱ्यांचं, पण चूल जिची तिची. मंग नव्या सुनेले काय पाहिजे?"

"कानात सांगणारी जाऊ."

"शाब्बास! तिचं नावच आम्ही जाऊबाई ठेवलं."

जाऊबाई म्हणजे अ‍ॅप आणि फोन यांच्या मधोमध बसणारी एक प्रणाली. अ‍ॅप आपल्या माहेरच्या रीतीने काहीतरी मागतं. जाऊबाई ते ऐकते, या घरात ती वस्तू कुठल्या नावाने कुठे ठेवली आहे ते बघते, आणि आणून हातात देते. अशा दुभाष्या प्रणाली आधीही होत्या, पण त्यांना एकेक गोष्ट हाताने शिकवावी लागे. जाऊबाई स्वतः शिकत होती. एखादी मागणी तिला कळली नाही, तर ती जगभरच्या आपल्या बहिणींना विचारी. चाळीस डिस्ट्रो, अकरा लाख फोन. त्यांतल्या एका फोनवर कुणा एका माणसाने उत्तर शोधलं, की त्याच क्षणी ते अकरा लाख घरांत पोचे. तीन वर्षांत तिने वीस हजार अ‍ॅपं अशी परक्या घरांत नांदवली होती.

"पण कानाचं अ‍ॅप एकही नाही," वसुधाताई म्हणाल्या. "काहून की चालत्या अ‍ॅपची नोंद कोणी उघडी केलीच नाही. अ‍ॅप कानाशी काय बोलते, हे समजल्याबगर जाऊबाई काय सांगन? तुझ्यापाशी जुन्या फोनचं काही हाय?"

"बॅकअप आहे. मेमरी कार्डावर. आठ महिन्यांपूर्वीचा."

वसुधाताईंचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. "थांब. आधी सांगतो, मंग ठरव. त्यात तुझ्या पोरीचा मॅप हाय. अंगठ्याच्या ठशासारखा, तिचा एकटीचा. तो काढून टाकला तर नोंदीत काही राहतच नाही. मी एकटी घेऊन बसली तर वरीस जाईन. जाऊबाईले शिकवणाऱ्या मंडळीपुढं ठेवला तर लवकर होईन, पण मंडळीपुढं म्हणजे साऱ्या जगापुढं. अन् एकदा उघडं केलं की मांगं घेता येत नाही, माय."

*

"तिचा कान तू प्रदर्शनात टांगणार?" नरसय्यांनी माग थांबवला.

"कान नाही, मामय्या. तक्ता."

"मी पण कार्डंच दाखवली होती. कापड कुठं दिलं होतं?"

घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती. बावीस वर्षांपूर्वी नरसय्यांनी तळ्याच्या पाण्यात हलणारं देवळाचं प्रतिबिंब विणलं होतं. सात महिने लागले. पाहुणा म्हणून आलेल्या एका माणसाला त्यांनी हौसेने कार्डांची माळ दाखवली. दोन महिन्यांनी तेच प्रतिबिंब छापील पलंगपोसांवर बाजारात आलं. तेव्हापासून कार्डांच्या पेटीला कुलूप होतं, आणि विणकरांच्या घरी तसंही कार्ड कुणी कुणाला दाखवत नाही. माग बघा, कापड बघा, चहा घ्या. कार्ड नाही.

"उघड्यावर ठेवलेलं आपलं राहत नाही, पोरी. चादर चोरली तर दुसरी विणता येते. ही मोठी होईल, उद्या कुणी तिच्या कानाशी खेळ केला तर?"

म्हाताऱ्याचं चुकत नव्हतं. मॅडमनी सांगितलं होतं की झटक्याची वरची मर्यादा कानाच्या आत बसवलेल्या भागातच कोरलेली असते, बाहेरून कुणी कितीही खुडबुड केली तरी तिच्यापुढे जाता येत नाही. एवढाच आधार होता. रजिताने आनंदला फोन लावला.

"बाबा म्हणतात तेही खरंच आहे," तो म्हणाला. "आणि तू म्हणतेस तेही."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू?"

"काही नको म्हणू. जेवलास का?"

दिवस जात राहिले. हंसिकाचा आवाज आधी मोठा झाला, मग सपाट. दहाव्या दिवशी तिने साखर मागितली ती 'आखय' अशी. रजिताने तिच्यासमोर बसून ओठ हलवून दाखवले, साखर, साखर. हंसिकाने ओठ बघितले, पुन्हा 'आखय' म्हणाली, आणि आईचा चेहरा पाहून आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं. मग तिने मागणंच सोडलं. बोटाने डबा दाखवू लागली.

त्याच दुपारी ती बाहेरच्या खोलीत गेली आणि मागाच्या खांबाला गाल टेकवून उभी राहिली. लाकडातून येणारी थरथर गालात घेत, डोळे मिटून. नरसय्यांना वाटलं, पोरीला लागेल. त्यांनी माग थांबवला. तशी तिने डोळे उघडले आणि खांबावर चापट्या मारायला सुरुवात केली. चालू कर. चालू कर.

रजिता दारात उभी होती. ती आत गेली, मेमरी कार्ड फोनला लावलं, आणि नोंद उघडी केली. मग बाहेर येऊन सासऱ्यांच्या समोर उभी राहिली.

"मामय्या, दिलं. तुम्हाला विचारलं नाही. पण लपवणार पण नाही."

"बरं," नरसय्या म्हणाले.

त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. पाणी हवं असेल तर हंसिकाकडे बघून म्हणत, "पाणी द्यायला सांग." हंसिकाला ऐकू येत नव्हतं. रजिता मुकाट्याने पाणी ठेवी.

*

पुढचे नऊ दिवस रजिताने जे पाहिलं, ते तिला पुढे कधीच नीटसं कुणाला सांगता आलं नाही.

अ‍ॅप फोनकडे एकूण एकशे तेरा गोष्टी मागत होतं. वसुधाताईंनी त्या सगळ्या एका पानावर मांडल्या. प्रत्येकीपुढे एक लाल ठिपका. उत्तर सापडलं की ठिपका हिरवा व्हायचा, आणि खाली शोधणारा आपलं गाव लिहायचा. पहिल्या दिवशी चार ठिपके हिरवे झाले. दुसऱ्या दिवशी अकरा. रजिता भाजी चिरता चिरता पान उघडी, हंसिकाला न्हाऊ घालता घालता ओल्या बोटाने पडदा सरकवी. लिमामधल्या एका नर्सने यंत्राची वेळ जुळवून दिली. दिमापूरच्या दोघा भावांनी ब्लूटूथचा अडसर काढला. त्यांचा फोन इतका जुना होता की त्याची काच चिकटपट्टीने जोडलेली होती, तसा फोटोच टाकला होता त्यांनी. पोलंडमधला एक बसचालक थांब्यावर बस उभी राहिली की तेवढ्या पंधरा मिनिटांत काम करी. तिसाव्या प्रश्नावर दोन डिस्ट्रोवाल्यांची जुंपली. आमचीच पद्धत शुद्ध, तुमची म्हणजे ठिगळं. वसुधाताईंनी मध्ये पडून लिहिलं, 'भांडण मंग करा, पोरगी थांबली हाय.' ते यंत्राने जसं जमेल तसं पंचवीस भाषांत उलथवलं, आणि दोन्हीकडची माणसं खजील होऊन कामाला लागली.

यांतल्या कुणीही हंसिकाला पाहिलं नव्हतं. तिचं नावही त्यांना माहीत नव्हतं; पानावर फक्त 'चार वर्षांची मुलगी, डावा कान' एवढंच होतं. आणि तरी हजारभर माणसं हातात दिवा घेऊन त्या एवढ्याशा शंखात उतरली होती. एकेक पायरी चाचपत, मागच्याला सांगत: इथून ये, इथे ठेच लागते. रजिताला देवळात गेल्यावर होई तसं व्हायचं. हात आपोआप जोडले जायचे, आणि हातात तर भेंडी असायची.

नवव्या दिवशी एकशे बारा ठिपके हिरवे होते. एकच उरला: कोणती पट्टी कोणत्या तारेला जोडायची, तो क्रम. तो क्रम जुन्या फोनच्या पोटात होता आणि फोनबरोबरच गेला होता. पण ऑपरेशनच्या फाइलीत त्याचा कागद होता. "हे माझं काम," रजिताने पानावर लिहिलं. चौकटी भरण्यात तिचा हात धरणारं कोण होतं? कागद समोर ठेवून तिने वीस घरं भरली. दोनदा तपासली.

ठिपका हिरवा झाला.

*

केंद्रात हंसिकाला कडेवर घेऊन तिचे ताता नरसय्या आले होते. सुनेशी अबोला, नातीशी नव्हे. ते दाराजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले.

अ‍ॅप उघडलं. रजिताच्या जुन्यापान्या लिनक्स फोनवर, ज्या घरात त्याला कधी नांदायचंच नव्हतं त्या घरात, पाय न अडखळता उघडलं. मॅडमनी मर्यादा तपासल्या, आवाज अगदी बारीक ठेवला, आणि मान हलवली. रजिताने बटण दाबलं. कानामागचा दिवा लागला.

हंसिका ताठ झाली. डोळे मोठे झाले. मग तिने हळूहळू मान वर केली, छताला घरघरणाऱ्या पंख्याकडे बघितलं, आणि म्हणाली,

"पाखरं."

मॅडमनी रजिताकडे पाहिलं. त्यांनी डफावर थाप मारली. हंसिका शिट्टी कुणी वाजवली ते शोधू लागली. ताटलीवर चमचा वाजवला, तर खिडकीकडे पळाली, रस्त्यावर ट्रक आलाय का बघायला. ट्रक नव्हता. तिने भोकाड पसरलं. आणि स्वतःचंच रडणं कानात भलतंच वाजलं म्हणून दचकून गप्प झाली.

मॅडमनी लगेच यंत्र बंद केलं. "ऐकतेय ती. पण सगळं उलटं ऐकतेय. खालचं वर, वरचं खाली. असं कसं झालं?"

रजिताने कागद पुन्हा वाचला. तक्ता पुन्हा वाचला. चूक दिसेना.

"बघू," मागून आवाज आला.

नरसय्या उठून आले होते. त्यांनी तक्ता हातात घेतला, त्यावरून तर्जनी फिरवली, जशी ते कार्डाच्या भोकांवरून फिरवत. एकदा डावीकडून. एकदा उजवीकडून. मग नऊ दिवसांत पहिल्यांदा ते सुनेकडे बघून बोलले.

"हे तू आपल्या मागासाठी लिहिलंस."

रजिताला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिने कपाळावर हात मारला. त्यांच्या मागावर चित्र पालथं विणलं जाई. सुलटी बाजू खाली, विणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाठ. म्हणून कार्ड टोचणारा डिझाइनची डावी बाजू उजवीकडून लिहितो. पाच वर्षं रोज हेच केल्यावर तिच्या हाताला सुलटं असं काही माहीतच राहिलं नव्हतं. कागदावरची पहिली तार तिने विसाव्या घरात टाकली होती, विसावी पहिल्या. आणि दोन्ही वेळा तपासताना तशीच पालथी तपासली होती.

"कान पालथा विणत नाहीत, पोरी," नरसय्या म्हणाले. "देवाने तो सुलटाच विणलाय." आणि मग मॅडमकडे वळून, थोडंसं फुशारकीनेच, "भोक मात्र एकही चुकलेलं नाही. बघून घ्या."

मॅडम हसल्या, आणि मग रजिताही हसली. रजिताने तक्ता उलटा केला. दिवा पुन्हा लागला.

या वेळी हंसिकाने पंख्याकडे पाहिलं आणि लक्ष काढून घेतलं. पंखा पंखाच होता. डफ वाजला, तिने डफाकडे बघितलं. चमचा वाजला, चमच्याकडे. मॅडम डोळे पुसत होत्या. रजिता हंसिकासमोर गुडघ्यांवर बसली.

"हंसी."

हंसिकाने तिच्याकडे पाहिलं. मग मागे वळून पाहिलं.

"को बोय्लं?"

"मी. अम्मा बोलतेय."

हंसिकाने आईच्या ओठांकडे बघितलं, बराच वेळ. मग मान हलवली. "नाई. तू दुसरी."

*

मॅप आठ महिने जुना होता, हे कारण. त्या आठ महिन्यांत फोन मरेपर्यंत अ‍ॅपने रोज तिळातिळाने तारा हलवल्या होत्या, पोरीच्या ऐकण्याबरोबर मॅपही वाढला होता. आणि ती वाढ मेलेल्या फोनबरोबर गेली होती. मॅडम म्हणाल्या, जुळेल. आठवड्याला एकदा या, एकेक तार बघू. तिला विचारत जाऊ, हे बरं वाटतं का, ते बरं वाटतं का. दोन महिने, तीन महिने.

रजिता 'हो' म्हणाली. कृतघ्न व्हायचं नव्हतं तिला. पोरगी ऐकत होती! दोन दिवसांत वसुधाताईंच्या पानावर ओळी येऊ लागल्या: 'माझा मुलगा, सात वर्षं, सुरू झालं.' 'जुळ्या मुली, दोघींचं सुरू झालं.' वेगवेगळे फोन, वेगवेगळे डिस्ट्रो, आपापले मॅप. पण मिठाचा डबा आता सगळ्यांनाच ठाऊक होता. तिसऱ्या दिवशी आकडा तीनशे चाळीस झाला. बंद पडलेले तीनशे चाळीस कान एकामागून एक उघडत होते, आणि त्या पानावरच्या पहिल्या ओळीतली मुलगी आपल्या आईने हाक मारली की दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होती.

"असं कर," वसुधाताई म्हणाल्या. "केनियातल्या एका मास्तरणीनं एक पान बनवलं हाय. स्वतः बहिरी हाय ते. तिच्या शाळेतली पोरं आपला आवाज आपणच लावतात म्हणे. तुझ्या फोनसाठी नाही बनवलं, पण जाऊबाई हाय नं. तुझ्या मॅडमले विचार आधी."

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तारांना हात लावायचा अधिकार फक्त तज्ज्ञांना होता. हिप्परगी मॅडम ते पान बराच वेळ बघत राहिल्या. "तीस वर्षं मी मुलांना विचारतेय, बरं वाटतं का," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच हातात द्यायचं, हे मला का सुचलं नाही? मर्यादा आतच आहे, धोका नाही. लाव. मी व्हिडिओवर थांबते."

परक्या घरातलं ते पान रजिताच्या फोनवर चार सेकंदांत उघडलं. त्यावर एकही अक्षर नव्हतं. वीस रंगीत खांब, बोटाने वरखाली होणारे. बस.

हंसिका फरशीवर मांडी घालून बसली. फोन मांडीवर. तिने एक खांब ओढला, ऐकलं, नाक मुरडलं.

"बोय."

"काय बोलू?"

"बोय ना!"

मग रजिता बोलत राहिली. सुचेल ते. "आज भेंडी आणली, कोवळी होती, पण भाजीवाल्याने खाली दोन जून घातल्या, मला कळलं नाही, मग ताता म्हणाले..." हंसिकाची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. पिवळा वर. हिरवा खाली. हिरवा परत थोडा वर. जांभळ्यापाशी ती फार वेळ थांबली, केसभर हलवत, जणू काचेवरून मुंगी उचलते आहे. नरसय्यांनी माग थांबवला होता आणि ते दारात येऊन उभे होते. पंधरा मिनिटं झाली. रजिताचा घसा कोरडा पडला, भेंडी संपून दोडका सुरू झाला. मग परत भेंडी.

एकाएकी हंसिकाचं बोट थांबलं.

तिने मान वर केली. आईच्या ओठांकडे नाही, डोळ्यांत पाहिलं. आणि हसली.

"आता तू."

रजिताने फोनकडे पाहिलं. वीस खांब, उंचसखल, कुठल्याच पुस्तकात नसलेल्या एका आकारात उभे होते. आपला आवाज आपल्या लेकराच्या डोक्यात कसा वाजतो, हे आजवर कुठल्या आईला दिसलं होतं? ते तिच्यासमोर रंगांत उभं होतं, आणि तिथपर्यंतची वाट जगात फक्त एका माणसाला माहीत होती. ते माणूस चार वर्षांचं होतं आणि त्याच्या फ्रॉकला डाळ लागली होती.

खांबांखाली दोन चित्रं उमटली: उघडा तळहात, आणि मिटलेली मूठ. सगळ्यांसाठी ठेवायचं, की आपल्यापाशी?

रजिताने दाराकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" नरसय्या म्हणाले. "जिचा कान, तिला विचार."

तिने विचारलं. उघडा हात म्हणजे सगळ्यांना दिसेल, बाळा. मूठ म्हणजे फक्त तुझ्याजवळ. हंसिकाने दोन्ही चित्रांवर आळीपाळीने बोट धरलं. जुना मॅप तिने, किंवा तिच्या वतीने आईने, जगाला दिला होताच. तो आता कुणाला परत घेता येणार नव्हता, आणि घ्यायचाही नव्हता.

"ही अम्मा माझी," ती म्हणाली, आणि मुठीवर बोट दाबलं. मग वर न बघताच, "पुयं सांग. भेंडीचं."